जुना रंग खरवडताना

पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळण होते. त्याच्या आगेमागे बैलांची शिंगे साळली जातात. गेल्या वर्षीच्या रंगाचे पोपडे पात्याने खरवडायचे, शिंग घासून गुळगुळीत करायचे आणि मगच नवा रंग चढवायचा, हा क्रम मराठवाड्यातल्या कोणत्याही शेतकऱ्याला शिकवावा लागत नाही. पूर्वी हा रंग हिंगुळाचा, म्हणजे पाऱ्याच्या सल्फाइडचा असे. आता बहुधा छोट्या डबीतला एनॅमल असतो. रंग बदलला, पण आधी साळणे आणि मग रंगवणे हा क्रम बदललेला नाही.

यामागचे तत्त्व साधे आहे. एकावर एक दिलेल्या थरांची पकड त्यांतल्या सर्वांत कच्च्या थराइतकीच असते. खालचा पोपडा सुटला की त्याच्यावरचा महागातला महाग रंगही त्याच्याबरोबर सुटतो. शिंगाला लागू पडते तेच दाराला, लोखंडी बाकाला आणि मोटारीच्या पत्र्यालाही लागू पडते.

रंग बनवण्याचा आणि लावण्याचा इतिहास पुष्कळ लिहिला गेला आहे. रंग काढण्याच्या इतिहासाकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही. वास्तविक या इतिहासात रसायनशास्त्राचे काही उत्तम धडे आहेत. शिवाय त्यात एक प्रश्न दडलेला आहे, जो शाळेशी संबंध असलेल्या प्रत्येकाने विचारायला हवा : निघालेला रंग जातो कोठे?

एक जुनी गाडी

परभणी जिल्ह्याच्या गंगाखेड तालुक्यातील राणीसावरगाव हे रेणुकामातेच्या मंदिरामुळे ओळखले जाणारे गाव. अशा गावांमधून शहरातून निवृत्त झालेल्या गाड्या दुसरा आणि तिसरा जन्म घेतात. पुण्याजवळ आकुर्डीला बजाज टेम्पो कंपनीने १९६९ पासून बनवलेली मॅटेडोर हे त्याचे जुने उदाहरण. मालवाहू गाडी म्हणून वापरलेली व्हॅन पुढे वऱ्हाडाची गाडी होते, मग बँडपथकाची, मग शाळेत मुलांची ने-आण करणारी. राज्य सरकारने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केल्यानंतर काही हौशी मंडळी जुन्या व्हॅनचे फिरते घरही करू लागली आहेत. प्रत्येक जन्मात गाडीला नवा रंग मिळतो आणि प्रत्येक वेळी जुना रंग कोणीतरी खरवडतो.

समजा, अशा एका व्हॅनच्या पत्र्यावर चार थर आहेत : सर्वांत खाली लोखंडाच्या तांबड्या ऑक्साइडचे अस्तर, त्यावर कारखान्यातला रंग, त्यावर गॅरेजमधला एनॅमल आणि मध्ये मध्ये खड्डे भरण्यासाठी लावलेली लांबी. आता ती पिवळी करायची आहे. जुना रंग काढण्याचे चार मार्ग गॅरेजवाल्यापुढे असतात : खार, ज्योत, द्रावक आणि घासणे. चारही मार्गांना इतिहास आहे. तो समजण्यासाठी आधी रंग वाळतो म्हणजे काय होते, हे पाहिले पाहिजे.

वाळणे म्हणजे सुकणे नव्हे

ओला कपडा वाळतो तेव्हा त्यातले पाणी उडून जाते. तेलरंग वाळतो तेव्हा मात्र जवळजवळ उलट घडते. जवसाच्या तेलाचा पातळ थर काचेवर दिला तर काही दिवसांत त्याचे वजन वाढते, आणि ही वाढ दहा टक्क्यांहूनही अधिक असू शकते. हे वजन हवेतल्या ऑक्सिजनचे असते. जवसाच्या तेलातील मेदाम्लांत कार्बनचे दुहेरी बंध असतात. त्या जागी ऑक्सिजन शिरतो, शेजारचे रेणू एकमेकांना जोडले जातात आणि हळूहळू सगळा थर म्हणजे एक अखंड जाळे बनते. असे जाळे पुन्हा वितळत नाही आणि सहजासहजी विरघळतही नाही.

मराठवाड्याला या तेलांची ओळख नव्याने करून द्यायला नको. जवस आणि करडई ही इथली रब्बीची जुनी पिके. परभणीच्या कृषी विद्यापीठाने करडईची ‘परभणी कुसुम’ ही जात दिली आहे. करडईच्या तेलात दोन दुहेरी बंधांचे लिनोलेइक आम्ल भरपूर असते, तर जवसाच्या तेलात तीन दुहेरी बंधांचे लिनोलेनिक आम्ल अधिक असते. म्हणून करडईचे तेल जवसापेक्षा सावकाश वाळते, पण कालांतराने पिवळेही कमी पडते. पांढऱ्या रंगासाठी चित्रकार ते पसंत करतात, ते यामुळेच. रोगण हा आपला शब्दही फारसीतून आला आहे आणि त्याचा मूळ अर्थ तेल असाच आहे.

विसाव्या शतकात गाड्यांच्या रंगाला दोन नवी वळणे मिळाली. ड्युपॉन्ट कंपनीचा ड्युको हा नायट्रोसेल्युलोजचा रंग १९२३-२४ च्या सुमारास अमेरिकन मोटारींवर आला. तो केवळ द्रावक उडून गेल्याने वाळतो, म्हणून त्याच द्रावकात तो पुन्हा विरघळतो. नखांना लावायचे पॉलिश हे याचेच भावंड. त्यानंतर जनरल इलेक्ट्रिक कंपनीत काम करणाऱ्या कीनल यांनी १९२०च्या दशकात अल्किड रेझिने विकसित केली. त्यांत तेलातील मेदाम्ले आणि कृत्रिम रेझिन यांची सांगड असते. आपण ज्याला ऑइल पेंट किंवा सिंथेटिक एनॅमल म्हणतो तो हाच. मुंबईत १९२० साली लोअर परळला सुरू झालेली गहागन पेंट्स, म्हणजे नंतरची नेरोलॅक, आणि १९४२ साली गिरगावात सुरू झालेली एशियन पेंट्स यांसारख्या कंपन्यांनी असे रंग खेड्यापाड्यांत पोहोचवले.

तात्पर्य, रंग कसा काढायचा हे तो कसा वाळला यावर ठरते. विरघळणारा थर द्रावकाने निघतो. जाळे झालेला थर मात्र तोडावा लागतो, फुगवावा लागतो किंवा घासावा लागतो.

पहिला मार्ग : खार

जाळे तोडण्याचा सर्वांत जुना उपाय साबणाच्या भट्टीत सापडतो. तेलाचे रेणू एस्टर या प्रकारचे असतात. तीव्र अल्कलीने एस्टरचे बंध तुटतात आणि साबण तयार होतो. फ्रान्सच्या शेव्हरल यांनी १८२३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या क्रियेचा उलगडा केला. पण व्यवहारात ती त्याआधी शतकानुशतके वापरात होती. लोणार सरोवराच्या काठी मिळणारे खार साबण आणि काच बनवण्यास उपयोगी असल्याची नोंद अकबराच्या काळातील ‘ऐन-इ-अकबरी’त आहे. एकोणिसाव्या शतकात सोडा कारखान्यांतून स्वस्तात मिळू लागला आणि तेलरंगाचे दरवाजे, घोडागाड्यांचे सुटे भाग कॉस्टिक सोड्याच्या हौदात बुडवण्याची पद्धत पडली. रंगाचा साबण होई आणि तो पाण्याने धुतला जाई.

अडचण दोन ठिकाणी होती. लाकडाच्या छिद्रांत राहिलेला खार नव्या रंगाचाही साबण करी. म्हणून लाकूड पुष्कळ पाण्याने धुऊन मग सौम्य आम्लाने उदासीन करावे लागे. दुसरी अडचण धातूची. कॉस्टिक सोडा पोलादाला फारसे काही करत नाही, पण ॲल्युमिनियम मात्र विरघळवतो आणि त्यातून हायड्रोजन वायू सुटतो.

आपल्या एसटीच्या इतिहासात हा फरक चांगला दिसतो. राणीसावरगाव ज्या हैदराबाद संस्थानात होते, तेथे १९३२ साली निजामाच्या रेल्वेने २७ गाड्यांनिशी बससेवा सुरू केली. मुंबई राज्यात १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली. त्या सुरुवातीच्या काळातील बेडफर्ड गाड्यांची अंगे लाकडी होती आणि त्यांचा रंग निळा-चंदेरी असे. पुढे गाड्यांची अंगे ॲल्युमिनियमच्या पत्र्याची झाली आणि १९६१ साली मराठवाड्याची बससेवाही राज्य परिवहन महामंडळात आली. पुण्याची दापोडी, औरंगाबादचे (आताचे छत्रपती संभाजीनगर) चिकलठाणा आणि नागपूरची हिंगणा या मध्यवर्ती कार्यशाळांमध्ये गाड्यांची अंगे बांधण्याचे काम होत आले आहे. लाकडी अंगावर जो खार चालला असता, तो ॲल्युमिनियमच्या अंगावर चालणार नाही. खालचा पदार्थ बदलला की रंग काढण्याची पद्धतही बदलावी लागते. बैलाच्या शिंगाचेही तसेच आहे. शिंग केरॅटिन या प्रथिनाचे असते आणि तीव्र खाराने रंगाआधी शिंगच खराब होईल. शेतकरी ते पात्याने साळतो, यात रसायनशास्त्र आहेच.

दुसरा मार्ग : ज्योत

स्वीडनमध्ये कार्ल रिचर्ड नीबर्ग यांनी १८८२ साली ब्लोलॅम्पचा कारखाना काढला. इंधन आधी तापलेल्या नळीतून नेऊन त्याची वाफ करायची आणि ती वाफ बारीक छिद्रातून सोडून पेटवायची, हे त्याचे तत्त्व. दहा वर्षांनी त्याच देशातून आलेला प्रायमसचा स्टोव्ह याच तत्त्वावर चालतो. भर्र आवाज करणारा रॉकेलचा स्टोव्ह आठवणाऱ्या वाचकांना ब्लोलॅम्प वेगळा समजावून सांगायला नको.

ज्योत रंगावरून फिरवली की थर मऊ होतो, फुगतो आणि पटाशीने सोलून निघतो. खर्च कमी, काम झटपट. पातळ पत्रा मात्र वाकडा होतो आणि जवळ पेट्रोलची टाकी असेल तर धोका सांगायला नको. पण खरा धोका डोळ्यांना दिसत नाही. जुन्या रंगांत शिशाची संयुगे असत : पांढऱ्या रंगात शिशाचे कार्बोनेट, अस्तरात शेंदूर, म्हणजे शिशाचे तांबडे ऑक्साइड, आणि पिवळ्यात शिशाचे क्रोमेट. रंग सुमारे सहाशे अंश सेल्सियसच्या पुढे तापला की शिशाचा धूर निघू लागतो. ज्योतीचे तापमान याच्या कितीतरी वर असते. हा धूर ज्योत धरणाऱ्याच्या छातीत जातो.

तिसरा मार्ग : द्रावक

अमेरिकेत कार्लटन एलिस या रसायनतज्ज्ञाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीस रंग उतरवणाऱ्या द्रावकांवर एकस्वे घेतली. बेंझीनसारखी द्रावके जाळ्यात शिरतात आणि थर फुगवतात, पण ती फार लवकर उडून जातात. एलिस यांची युक्ती अशी की द्रावकात थोडे मेण मिसळायचे. द्रावक उडू लागताच मेणाची बारीक साय वर धरते आणि खालच्या द्रावकाला काम करायला वेळ मिळतो. युक्ती सुंदर होती. मात्र पत्र्यावर राहिलेल्या मेणावर नवा रंग धरत नाही, म्हणून शेवटी तो पुसून घ्यावा लागतो.

बेंझीनने रक्त बनवणारा अस्थिमगज बिघडतो, हे स्वीडनमध्ये १८९७ सालीच दिसून आले होते. सायकलचे टायर बनवणाऱ्या तरुण मुली त्याला बळी पडल्या होत्या. शिवाय बेंझीन भडकन पेटते. म्हणून १९४०च्या दशकापासून त्याची जागा डायक्लोरोमिथेनने घेतली. यालाच मिथिलीन क्लोराइड असेही म्हणतात. याचा रेणू लहान असतो. तो रंगाच्या जाळ्यात चटकन शिरतो, थर फुगतो, पण खालचा पत्रा तर फुगत नाही. मग थराला सुरकुत्या पडतात आणि तो पत्र्यापासून सुटतो. तो सहज पेटही घेत नाही. त्यामुळे सुरक्षित द्रावक मिळाले, असा समज झाला.

हा समज १९७२ साली डळमळला. अमेरिकेत रिचर्ड स्ट्युअर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले, की श्वासावाटे आत गेलेल्या डायक्लोरोमिथेनचे शरीरात कार्बन मोनॉक्साइड होते. बंद खोलीत पेटवलेल्या शेगडीने माणूस गुदमरतो तो याच वायूमुळे. स्ट्युअर्ट आणि हेक यांनी १९७६ साली अशा एका माणसाची हकीगत प्रसिद्ध केली, ज्याला तळघरात फर्निचरचा रंग उतरवताना हृदयविकाराचे झटके येत गेले आणि अखेर त्यातच त्याचा अंत झाला. २००० ते २०११ या काळात अमेरिकेत आंघोळीच्या टबांना नवा मुलामा देणारे किमान १३ कामगार या द्रावकाने मरण पावल्याची नोंद झाली. युरोपीय संघाने २००९ साली निर्णय घेऊन रंग उतरवण्यासाठी सर्वसामान्यांना ते विकणे टप्प्याटप्प्याने बंद केले. अमेरिकेने २०१९ साली ग्राहकांसाठी तशी बंदी घातली आणि २०२४ साली आणखी कडक नियम केले.

हे द्रावक सुमारे ४० अंश सेल्सियसला उकळते. परभणीचा उन्हाळा आठवून पाहा. मे महिन्यातल्या दुपारी त्या डब्याचे झाकण उघडणे म्हणजे उकळत्या भांड्याचे झाकण उघडणे. त्याची वाफ हवेपेक्षा जड असते. ती गॅरेजच्या खड्ड्यात साचते आणि व्हॅनच्या आत बसून काम करणाऱ्याच्या नाकाशी राहते. तोंडाला बांधलेला रुमाल तिला अडवू शकत नाही.

चौथा मार्ग : घासणे, आणि धुळीचा शोध

उरले घासणे. हे दिसायला सर्वांत निरुपद्रवी. ना आम्ल, ना आग, ना वास. पण सर्वाधिक माणसे बहुधा यानेच आजारी पडली आहेत आणि हे ओळखायला फार वेळ लागला.

रंगाऱ्यांना होणाऱ्या व्याधींविषयी इटलीच्या रामाझिनी यांनी १७०० सालीच लिहिले होते. पोटात कळा, मनगट लुळे पडणे, हिरड्यांवर निळसर रेघ ही लक्षणे पुढे डॉक्टरांच्या परिचयाची झाली. पण शिसे शरीरात जाते कसे? सर्वसाधारण समजूत अशी होती, की कामगार हात न धुता जेवतो म्हणून. म्हणजे दोष त्याच्याच अस्वच्छतेचा.

ही समजूत मोडण्याचे श्रेय बरेचसे टॉमस लेग यांना जाते. ब्रिटनमध्ये शिसेविषबाधेची नोंद करणे १८९५ साली बंधनकारक झाले आणि १८९८ साली लेग हे कारखान्यांचे पहिले वैद्यकीय निरीक्षक झाले. घोडागाड्या आणि पुढे मोटारी रंगवणारे कामगार त्यांच्या नोंदींत वारंवार येत. गाडीला थरावर थर द्यायचे आणि प्रत्येक थर कोरडा घासून गुळगुळीत करायचा, अशी त्या कामाची रीत होती. लेग आणि गोडबी यांनी १९१२ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात मांडले, की कारखान्यातली बहुतांश विषबाधा धूळ आणि धूर श्वासावाटे गेल्याने होते. म्हणजे दोष हातांचा नव्हता, हवेचा होता. हवा स्वच्छ ठेवणे एकट्या कामगाराच्या हाती नसते. ती जबाबदारी काम करवून घेणाऱ्याची, हा लेग यांचा आग्रह होता.

पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला आणखी एक शोध लागला. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडमधील मुलांना शिसेविषबाधा होत असल्याचे १८९०च्या दशकात लक्षात आले होते. लॉकहार्ट गिब्सन या डॉक्टरांनी १९०४ साली कारण दाखवले : घरांच्या व्हरांड्यांचे रंगवलेले लाकडी कठडे. कडक उन्हाने रंगाची भुकटी होई, ती मुलांच्या हातांना लागे आणि तोंडात जाई. त्या राज्याने १९२२ साली मुलांच्या हाताशी येणाऱ्या जागी शिशाच्या रंगाला कायद्याने मनाई केली. उन्हाने भुरभुरीत झालेला रंग आणि त्याला हात पुसणारी मुले, हे चित्र आपल्याकडच्या शाळांनाही अपरिचित नाही.

१९२१ साली जिनिव्हा येथे आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने पांढऱ्या शिशाविषयी करार केला. घरांच्या आतील रंगकामात त्याला मनाई करतानाच, कोरडे घासणे आणि खरवडणे यांतून उडणाऱ्या धुळीचा बंदोबस्त करावा, असेही त्यात सांगितले होते. ब्रिटनने या कराराला मान्यता दिली नाही. १९२६ साली लेग यांनी निषेध म्हणून पदाचा राजीनामा दिला. एक सरकारी अधिकारी रंगाच्या धुळीसाठी नोकरी सोडतो, ही घटना विज्ञानाच्या इतिहासात विसरण्यासारखी नाही.

पाण्यात भिजणारा कागद

याच सुमारास एक साधा शोध बाजारात आला. फ्रान्सिस ओकी या अमेरिकन गृहस्थाने पाण्यात भिजूनही न सुटणारा पॉलिशपेपर तयार केला आणि थ्री-एम कंपनीने तो १९२१ साली विक्रीस आणला. तोपर्यंतच्या कागदावरचे कण सरसाने चिकटवलेले असत. पाणी लागताच ते सुटत. ओकी यांच्या कागदाला पाणी बाधत नसे. मोटारींच्या कारखान्यांनी तो उचलला. पत्रा ओला ठेवून घासले, तर धूळ उडत नाही. तिचा चिखल होतो आणि तो पुसून घेता येतो. शिवाय कागद तुंबत नाही आणि पृष्ठभागही अधिक गुळगुळीत होतो.

आपल्या गॅरेजांमध्ये ज्याला वॉटरपेपर म्हणतात, तो हाच. बादलीभर पाणी आणि काही रुपयांचा कागद. वाळूचा झोत मारण्याच्या पद्धतीचे एकस्व १८७० साली अमेरिकेच्या टिल्घमन यांनी घेतले होते, पण वाळूच्या धुळीने फुप्फुसांचा सिलिकोसिस होतो. लेसरनेही थर काढता येतो, पण ते खर्चिक काम आहे. या सगळ्यांत गावच्या गॅरेजला परवडणारे आणि जोखीम सर्वांत कमी असलेले साधन हा भिजलेला कागदच आहे. तो वापरला मात्र जातो शेवटच्या गुळगुळीत थरासाठी. जुना रंग काढण्याचे जाड काम पुष्कळदा कोरडेच होते, कारण ते लवकर उरकते. हल्ली तर विजेवर फिरणारी चकती मिनिटात वीतभर पत्रा उघडा करते आणि धूळ दूरवर पसरवते.

पिवळा रंग

आता आपल्या व्हॅनकडे पुन्हा येऊ. ती पिवळी करायची आहे. शाळेच्या बसचा पिवळा रंग ठरवण्याचा इतिहासही शिक्षणक्षेत्रातलाच आहे. १९३९ साली कोलंबिया विद्यापीठाच्या शिक्षक महाविद्यालयात फ्रँक सायर यांनी भरवलेल्या परिषदेत अमेरिकेतील शाळांच्या बससाठी एकच रंग निवडण्यात आला. पहाटेच्या अंधुक प्रकाशात तो दुरून दिसावा आणि त्यावरची काळी अक्षरे वाचता यावीत, हा हेतू. त्या रंगाच्या मूळ नावातच ‘क्रोम’ होते, कारण तो शिशाच्या क्रोमेटचा होता. मुलांच्या सुरक्षेसाठी निवडलेला रंग शिशाचा असावा, हा योगायोग बोलका आहे. पुढे तेथे शिशाविरहित पिवळे रंग आले.

आपल्याकडे १९९९ साली जॉर्ज फाउंडेशनने मोठ्या शहरांत केलेल्या पाहणीत बारा वर्षांखालील निम्म्याहून अधिक मुलांच्या रक्तात दर डेसिलिटरला १० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त शिसे आढळले होते. तेव्हा पेट्रोलमध्येही शिसे असे. ते २००० साली देशभर बंद झाले. आज जागतिक आरोग्य संघटनेचे म्हणणे असे आहे, की शिशाची कोणतीही पातळी सुरक्षित मानता येत नाही. लहान मुलांच्या वाढत्या मेंदूवर त्याचा परिणाम होतो आणि तो भरून येत नाही. रक्तात लोह कमी असलेले मूल शिसे अधिक शोषून घेते, ही बाब आपल्या भागात विशेष लक्षात ठेवण्यासारखी आहे.

केंद्र सरकारने २०१६ साली केलेल्या नियमांनुसार १ नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती व सजावटीच्या रंगांत शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांहून अधिक असता कामा नये. हे पाऊल महत्त्वाचे आहे. पण त्याचा आवाका पाहा. वाहनांचे आणि कारखान्यांतले रंग या नियमांच्या बाहेर आहेत. आणि नियमाआधी लावलेला रंग तर पत्र्यावर आहे तसाच आहे. कामगारांच्या बाबतीतही तसेच. १९४८ च्या कारखाना कायद्यात नोंद करण्याजोग्या रोगांची यादी होती आणि तिची सुरुवातच शिसेविषबाधेने होत असे. परंतु तीन-चार माणसांचे गॅरेज हा कारखाना ठरत नव्हता. लेग यांनी ज्या कामगारासाठी राजीनामा दिला, त्याच्यापर्यंत कायदा आपल्याकडे पोहोचलाच नाही.

शाळेत काय करता येईल

वर्गात दोन प्रयोग सहज होतात. काचपट्टीवर नेलपॉलिशचा आणि दुसऱ्या पट्टीवर शिसे नसलेल्या एनॅमलचा ठिपका द्यावा. आठवड्याने दोन्हींवर नेलपॉलिश काढायच्या द्रावकाचा बोळा शिक्षकांनी स्वतः, खिडकीपाशी, जवळ ज्योत नाही याची खात्री करून ठेवावा. पहिला ठिपका विरघळतो. दुसरा मऊ पडला किंवा सुरकुतला, तरी तसा विरघळत नाही. विरघळणे आणि फुगणे यांतला फरक मुलांना डोळ्यांनी दिसतो. दुसरा प्रयोग जवसाच्या तेलाचा : तेल पुसटसे लावलेल्या काचपट्टीचे वजन, चांगला तराजू असेल तर, रोज घ्यावे. वाळताना वजन वाढते हे पाहून मुले चकित होतात. जुना रंग खरवडण्याचा प्रयोग मात्र मुलांकडून कधीही करवून घेऊ नये.

शाळेची गाडी, बाके किंवा झोपाळे रंगवायचे ठरले, तर व्यवस्थापन समितीने काम देताना काही गोष्टी ठरवून घ्याव्यात. पहिली गोष्ट, घट्ट बसलेला जुना रंग काढूच नये. पोपडे सुटले आहेत तेवढेच काढावेत आणि बाकीचा भाग ओल्या वॉटरपेपरने फक्त खरखरीत करावा. नव्या रंगाला धरायला तेवढे पुरते. दुसरी, कोरडी चकती आणि ज्योत वापरू नये. तिसरी, काम सुट्टीत, मुलांपासून दूर आणि उघड्यावर व्हावे. खाली प्लॅस्टिकचा कागद अंथरावा आणि निघालेला चिखल व पोपडे त्यातच गुंडाळून वेगळे ठेवावेत. ते जाळू नयेत आणि विहिरीच्या किंवा हातपंपाच्या बाजूला टाकू नयेत. जमीन झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसावी. चौथी, काम करणाऱ्याने जेवण्यापूर्वी हातपाय धुवावेत आणि कामाचे कपडे घरच्या कपड्यांत मिसळू नयेत. त्याच्या घरीही लहान मुले असतात आणि धूळ कपड्यांवर बसून तिथपर्यंत जाते. रिमूव्हरचा डबा आणलाच असेल, तर त्यावरचे घटक वाचावेत. डायक्लोरोमिथेन असेल तर तो परत करावा.

ओल्या घासकामाला एखादा दिवस जास्त लागतो आणि तेवढी मजुरी वाढते. ही वाढ अंदाजपत्रकात धरली नाही, तर काम कोरडेच होणार, कारण घाई गॅरेजमधल्या पोराने ठरवलेली नसते. रंगाचा डबा कोणत्या कंपनीचा आणि किती रुपयांचा हे आपण कोटेशनमध्ये बारकाईने पाहतो. त्याच कागदावर ‘घासकाम ओलेच करावे’ अशी एक ओळ लिहून तिचे पैसे देता येतात.